पॅरिस नको, शिवार दाखवा

युरोपातल्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या खाण्यापिण्याच्या मुलखांवर मागे याच मासिकात मी एक लेख लिहिला होता. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातल्या काहींची उत्तरं इथे देते. पत्रं बहुतेक शेतकरी घरांतली आहेत आणि मी स्वतः वरुडकडच्या संत्रापट्ट्यातली, त्यामुळे उत्तरंही आपल्या बांधावरूनच जातील. लेक फ्रान्सला ल्यों शहरात राहते, तिच्यामुळे माझं तिकडे जाणं होतं.

ताई, आम्ही काही संत्रा बागायतदार जोडप्यानं युरोपला जायचं म्हणतो. टूरवाल्यानं दहा दिवसांत सात देशांचा कार्यक्रम दिला आहे. आयफेल टॉवर, बर्फाचा डोंगर आणि रोज रात्री पनीरची भाजी. आम्हाला तिथली शेती पाहायची आहे, तिथलंच खायचं आहे. पॅरिस नको, शिवार दाखवा. कुठे जावं?
— ता. काटोल, जि. नागपूर

भाऊ, ज्युराला जा आणि पूर्ण आठवडा तिथेच राहा. सात देशांच्या कार्यक्रमात निम्मा वेळ बसमध्ये जातो आणि एकाही शेतकऱ्याशी बोलणं होत नाही.

ज्युरा हा फ्रान्सच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागलेला. पॅरिसहून गाडीनं मुशार स्टेशनला उतरायचं, आर्बुआ गाव तिथून जवळच आहे. आर्बुआत किंवा पोलिन्यीत आठवड्याच्या बोलीनं शेतघर मिळतं. स्वयंपाकघर, भांडीकुंडी सगळं त्यात असतं. तुम्ही जितकी जोडपी आहात त्या मानानं दोन घरं घ्या, हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि सकाळचा चहा आपल्या हातचा होतो.

पहिल्या सकाळी गावची चीज डेअरी पाहा. कोंते नावाचं चीज तिथे बनतं, आणि डेअरी असते आसपासच्या गोपालकांच्या मालकीची. ही रीत तेराव्या शतकापासूनची आहे. साधारण 40 किलोचं एक चाक बनायला 400 लिटरच्या आसपास दूध लागतं. एकट्याच्या चार गायींच्या दुधात ते होणार नाही, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की डोंगरातून दूध बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून घरोघरचं दूध एका कढईत आलं. आजही नियम कडक आहेत. गाय मोंबेलियार्द किंवा सिमेंटल जातीचीच हवी, गायीमागे किमान 1 हेक्टर कुरण हवं, मुरघास घालायचा नाही, आणि डेअरीनं दूध गोळा करायचं ते 25 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळातूनच. प्रत्येक चाकावर एक हिरवी चकती बसवलेली असते. कुठल्या डेअरीत, कधी बनलं ते तिच्यावरून कळतं. शेवटी 20 पैकी गुण देतात. 12 च्या खाली गेलेल्या चाकाला कोंते म्हणून विकताच येत नाही.

कोंतेला कायद्याचं संरक्षण मिळालं 1958 साली. आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं 2014 साली. कागद आपल्याजवळही आहे, भाऊ. तो कागद हाती आल्यावर गावानं एकत्र बसून काय काय ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं कसं पाळावं लागतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. तुम्ही गटानं जाताय, तर हे नक्की बघून या.

काही ठिकाणी चीज मुरवायला ठेवतात डोंगरातल्या जुन्या लष्करी किल्ल्यांत. दोन्ही अंगांना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर हजारो चाकं. अमोनियाचा वास नाकाला झोंबतो. तपासणारा माणूस हातातल्या लोखंडी सळईच्या मुठीनं चाकावर टकटक करतो आणि कान देतो. आत भेग असेल तर आवाज बदलतो. मग तीच सळई चाकात खुपसून, फिरवून तो बोटाएवढी कांडी बाहेर काढतो. टोकाचा कण मोडून चुरगाळतो, हुंगतो, जिभेवर ठेवतो आणि उरलेली कांडी त्याच भोकात परत बसवून वरून अंगठ्यानं लिंपून टाकतो. चाक जसंच्या तसं दिसतं. मी हे जवळून पाहिलं, आणि त्या माणसाच्या अंगठ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

आता वाइन. इथली पिवळी वाइन, व्हँ झोन, जगात दुसरीकडे या नावानं होत नाही. साव्हान्यँ जातीच्या द्राक्षाची. एरवी पिंपात वाइन आटली की वरून भर घालतात, इथे घालत नाहीत. मोकळ्या जागेत यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो आणि त्याखाली ती वर्षानुवर्षं राहते. किमान 6 वर्षं 3 महिने झाल्याशिवाय विकायला निघत नाही. तिची बाटली 62 सेंटीलिटरची. एका लिटरातून आटून उरतं ते एवढंच, असं तिथले लोक सांगतात. पहिला वास घेतला की तुम्हाला मेथी आठवेल, आणि तो भास नाही. मेथीदाण्याला जो वास असतो तो सोटोलोन नावाच्या घटकाचा, आणि या वाइनमध्येही तोच घटक असतो. गटात सामिष खाणारे असतील तर याच वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आणि गुच्छीची अळंबी मागवा. ज्युरातलं ते मानाचं जेवण आहे.

आर्बुआत लुई पाश्चर यांचं घर आहे, तेही बघा. त्यांचं बालपण या गावात गेलं, आणि वाइन आंबट का होते याचा अभ्यास त्यांनी 1860 च्या दशकात केला तो इथल्याच वाइनवर.

वेलाच्या बुंध्याशी वाकून बघायला मात्र विसरू नका. जमिनीलगत कलमाची गाठ दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं युरोपभर द्राक्षाची मुळं खाल्ली. ती अमेरिकेतून आलेली कीड, म्हणून तिला टिकणारी मुळंही अमेरिकन वेलाचीच निघाली. तेव्हापासून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली जात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुभाष्या नसला तरी त्या गाठीवर बोट ठेवा आणि मोबाइलमधला आपल्या बागेचा फोटो दाखवा, बोलणं सुरू होतं. डिंक्यानं गेलेल्या झाडाचा फोटोही जवळ ठेवा. रोगाबद्दल कुठलाही शेतकरी तासभर बोलतो.

दोन रीती पाळा. दुकानात, तळघरात पाय ठेवताच आधी 'बोंझूर' म्हणायचं, नंतर काम सांगायचं. तसं न करणं तिकडे उद्धटपणाचं धरतात. आणि दुपारचं जेवण 12 ते 2 या वेळातच मिळतं, त्यानंतर चूल बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली बरीच दुकानं उघडत नाहीत, तेव्हा शनिवारीच भाजी-भाकरीची सोय करून ठेवा.

ताई, आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आणि आमचं घर माळकरी. यजमान अंडंसुद्धा शिवत नाहीत. मला मात्र द्राक्षाचा मुलूख बघायची फार इच्छा आहे. वाइनच्या देशात आमच्यासारख्यांनी जाण्यात अर्थ आहे का?
— ता. आर्वी, जि. वर्धा

बाई, अर्थ आहे, आणि तुम्ही जॉर्जियाला जा. युरोप आणि आशियाच्या शिवेवरचा हा देश. त्याच्या पूर्वेला काखेती नावाचा प्रांत आहे, राजधानी तिब्लिसीहून दोनेक तासांत तिथल्या तेलावी गावी पोचता येतं.

माळकऱ्यांसाठी युरोपातली इतर ठिकाणं अवघड आहेत, हे आधी सांगते. ज्युराचं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, ते तुमच्या यजमानांना चालणार नाही. जॉर्जियात चीज सोडलं तरी ताट भरलेलं राहतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपासाचे दिवस वर्षात पुष्कळ असतात, बुधवार आणि शुक्रवार तर आहेतच, आणि त्या उपासाला मांस, अंडं, दूध काही चालत नाही. त्यामुळे तसा स्वयंपाक तिथल्या प्रत्येक बाईला येतो. हॉटेलात 'सामार्खवो' एवढा एक शब्द म्हणा, उपासाचं जेवण समोर येईल. मातीच्या गाडग्यात शिजवलेला राजमा, वर कच्चा कांदा आणि हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्याच्यासोबत मक्याची जाड भाकरी. वांग्याचे लांब काप परतून त्यांत लसूण घातलेलं अक्रोडाचं वाटण भरतात. पालकाचे, बिटाचे, कोबीचे अक्रोड घालून केलेले गोळे, वर डाळिंबाचे दाणे. आपण शेंगदाण्याचा कूट जिथे घालतो तिथे ते अक्रोड घालतात, एवढं कळलं की परकं वाटत नाही. मात्र मटणाचा रस्सा घातला नाही ना, हे राजमाच्या वेळी विचारून घ्या.

तिथली वाइन मातीच्या रांजणात होते. रांजणाला क्वेव्री म्हणतात. माणूस आत उतरेल एवढा मोठा, आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. द्राक्षं तुडवून रस, साल, बी आणि काखेतीत तर देठसुद्धा आत टाकतात. आंबणं थांबलं की तोंडावर झाकण ठेवून मातीनं लिंपतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. जमिनीखाली असल्यामुळे गारवा आपोआप राहतो, ना वीज ना यंत्र. पांढऱ्या द्राक्षाची वाइन अशी सालीसकट राहिल्यानं मधाच्या रंगाची होते. या पद्धतीला युनेस्कोनं 2013 साली वारसा यादीत घेतलं. तिथल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननात सापडलेल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले, ते इसवी सनापूर्वी 6000 च्या सुमाराचे. संशोधन 2017 साली प्रसिद्ध झालं. हे रांजणघर पाहायला घोट घ्यावा लागत नाही. क्वेव्री घडवणाऱ्या कुंभाराकडेही जा, घेराचं काम तो मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत हातानं करतो.

यजमान पीत नाहीत हे बसण्याआधी सांगा. जॉर्जियन मेजवानीत एक माणूस उठून एकामागून एक शुभेच्छा देत असतो आणि प्रत्येक वेळी पेला उचलावा लागतो. मध्येच नकार दिला तर मेजवानी देणारं घर ओशाळं होतं. आधी सांगितलं तर ते स्वतःहून पेल्यात द्राक्षाचा रस भरतात आणि आग्रह करत नाहीत.

चुर्चखेला जरूर खा. अक्रोडाची अर्धुकं दोऱ्यात ओवून, पीठ घालून आटवलेल्या गरम द्राक्षरसात ती माळ बुडवतात आणि काठीला टांगतात. थर वाळला की पुन्हा बुडवायची. सुगीच्या दिवसांत घराच्या ओट्यावर अशा माळा ओळीनं लोंबत असतात, खाली पडलेला थेंब चाटायला पोरं उभी असतात. साखर घालायची गरज पडत नाही, दोन-तीन महिने टिकतं, प्रवासात न्यायला आपल्या शेंगोळ्या-लाडवांसारखं सोयीचं.

तुम्हीही संत्रापट्ट्यातल्या, म्हणून आणखी एक सांगते. सोव्हिएत काळात 1985 पासून दारूविरोधी मोहीम चालली, त्यात तिथले कितीतरी द्राक्षमळे उपटले गेले. पुढे देश स्वतंत्र झाला तरी बहुतेक वाइन एकट्या रशियाला जायची. 2006 साली रशियानं आयात बंद केली आणि शेतकरी एका रात्रीत उघड्यावर आला. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा आपल्याकडे बागा कशा मातीमोल गेल्या, ते आपण भोगलं आहे. रशियाची बाजारपेठ 2013 मध्ये पुन्हा उघडली, पण मधल्या सात वर्षांत त्यांनी दुसरे देश शोधले, प्रत सुधारली, आणि लोक विसरत चाललेले रांजण पुन्हा पुढे आणले. काखेतीत कुणालाही 2006 बद्दल विचारा. हे ऐकण्यासाठीसुद्धा तिथे जावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भिवापुरी मिरचीला मानांकन आहे. युरोपात मिरचीचा मुलूख आहे का?
— ता. भिवापूर, जि. नागपूर

आहे, आणि दोन आहेत. फ्रान्सच्या नैऋत्येला बास्क मुलखात एस्पलेत गाव. तिथल्या मिरचीला 2000 साली संरक्षण मिळालं, आणि ती फक्त 10 गावांच्या हद्दीतच पिकवता येते. शरदात घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा लावतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जत्रा भरते. तिखट बेताचंच आहे, त्या मुलखात काळ्या मिऱ्याच्या जागी तेच वापरतात.

तुमच्या कामाचं मात्र दुसरं ठिकाण, स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातलं ला वेरा. तिथे तोडणीच्या वेळेलाच पाऊस येतो, मिरची उन्हात वाळत नाही. म्हणून दुमजली कोठ्यात वर मिरची पसरतात आणि खाली ओकच्या लाकडांचा मंद धूर करतात. दहा-पंधरा दिवस ही धुरी चालते आणि रोज हातानं मिरची उलटवावी लागते. ऑक्टोबरचा पाऊस आपल्या मिरचीला कसा काळा करतो हे तुम्हाला माहीत आहे. ती कोठी उभी-आडवी नीट बघा, जाळी कशी बांधली आहे, धूर कुठून निघतो, त्याचं रेखाटन करून आणा.

मी निवृत्त शिक्षक, घरी थोडी कपाशी आणि सोयाबीन. कोणत्या महिन्यात जावं, आणि व्हिसाचं काय?
— ता. दारव्हा, जि. यवतमाळ

गुरुजी, आपल्या कामाच्या हिशेबानं दोनच मोकळ्या खिडक्या आहेत. एक मे महिना. वखरणी उरकलेली असते, पेरणी लांब असते, आणि यवतमाळच्या उन्हातून सुटका होते. तेव्हा ज्युरात गायी कुरणावर आलेल्या असतात. दुसरी, पोळा आटोपल्यापासून सोयाबीन काढणीला येईपर्यंतची. निंदण-फवारण मागे पडलेलं असतं आणि तिकडे द्राक्षाची तोडणी चालू असते. ही खिडकी लहान आहे, पण माझी पसंती तिलाच.

सप्टेंबरला जाणार असाल तर पोर्तुगालचा आलेंतेजू बघा. कोरडवाहू, उन्हाचा, मोठाल्या माळांचा मुलूख. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आपल्या माणसाला तिथे चालवतं. बुचाचे ओक तिथे दिसतील. झाड साधारण 25 वर्षांचं झालं की पहिली साल काढतात, त्यानंतर दर 9 वर्षांनी. सोललेल्या लाल खोडावर पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. 5 दिसला तर 2025 ला सोललं, पुढचा हात 2034 ला. बापानं लावलेल्या झाडाची चांगली साल मुलाला मिळते.

जेवायला आसोर्दा मागवा. खलबत्त्यात लसूण, मीठ आणि मूठभर सांबार चेचायचा, त्यावर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर अंडं. सालदारांचं, गरिबाघरचं जेवण होतं ते. आता चांगल्या हॉटेलांत मानानं वाढतात.

व्हिसा: फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल शेंगेन नावाच्या देशगटात येतात, एकच व्हिसा चालतो, आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि 15 दिवस आधीपर्यंत द्यावाच लागतो. तुम्ही दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्या माणसाचं शुल्क 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. जॉर्जियाचा व्हिसा वेगळा. शेतकरी अर्जदारांनी सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या पट्ट्या यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं, उत्पन्नाचा आणि परत येण्याचा तो चांगला पुरावा आहे. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून निघतो, मुदत 1 वर्षाची. आणि ज्याच्या हाती गाडी असेल त्यानं त्या दिवशी तळघरात वाइन चाखायची नाही.

तिकडून एखाद्या चांगल्या जातीची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणता येईल का? लिंबूवर्गीयाचीही चालेल.
— ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

भाऊ, आणू नका. एक काडीही नाही. वर फायलोक्सेराचं लिहिलं आहे ते पुन्हा वाचा: ती कीड अमेरिकेतून युरोपात गेली ती अशाच हौसेनं नेलेल्या वेलांसोबत. आपल्या भागात आधीच डिंक्या आणि कोळशी यांनी बागा पोखरल्या आहेत. एका काडीतून नवा रोग आला तर तुमच्या बागेपाशी थांबणार नाही, माझ्याही बागेत येईल. कायदाही तेच सांगतो; 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र यांशिवाय रोप, काडी, बी आणता येत नाही. नवीन वाण हवा असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जा, तिथे खुंट आणि वाण दोन्हींची माहिती मिळते. परदेशातून आणायच्या वाणाचा रस्ता सरकारी संशोधन संस्थांमधूनच जातो.

इथून नेण्याचंही तसंच. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढा, खवा, खरवस सगळं बाद. संत्रीही प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत. लेकीसाठी न्यावी असं कितीही वाटलं तरी नेऊ नका. जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी, मिरचीचं तिखट, पापड हे घ्या, आणि प्रत्येक पुड्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा.